फ्रॉममधलं नाव खरं कशावरून?

एका मेल सर्व्हरने दुसऱ्याकडे ईमेल सोपवायचा, म्हणजे दोन यंत्रांमध्ये एक छोटंसं संभाषण होतं. पहिलं यंत्र रामराम करून आपलं नाव सांगतं. मग म्हणतं, हा मेल अमक्याकडून आहे. दुसरं म्हणतं, ठीक. पहिलं म्हणतं, तमक्याला द्यायचा आहे. तमका आपल्याकडे आहे का, हे दुसरं यंत्र पाहतं आणि असेल तर पुन्हा ठीक म्हणतं. मग मजकूर येतो, शेवटच्या ओळीत एकटा पूर्णविराम येतो आणि मेल पोचतो. या सगळ्यात दुसऱ्या यंत्राने तपासलं ते फक्त घेणाऱ्याचं नाव. पाठवणाऱ्याचं म्हणून जे नाव सांगण्यात आलं, ते त्याने तसंच मानून घेतलं.

हे संभाषण ज्या नियमांनी चालतं त्यांना एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात ते लिहून काढले आणि त्यांचा गाभा आजही तोच आहे. पोस्टेल यांचा हा निष्काळजीपणा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या तेव्हाच्या अर्पानेटवर काहीशे यंत्रं होती आणि ती विद्यापीठांची, प्रयोगशाळांची, संरक्षण खात्याची होती. ३ मे १९७८ रोजी डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी सुमारे ४०० जणांना जाहिरातीचा मेल पाठवला. तो आज पहिला स्पॅम म्हणून ओळखला जातो. पण तोही कंपनीने उघडपणे, आपल्याच नावाने पाठवला होता. दुसऱ्याचं नाव लावून कुणी लिहील, ही भीती त्या जगाला नव्हती.

ती आली इंटरनेट घरोघरी पोचल्यावर. १९९७ च्या सुरुवातीला अमेरिकेत वेबपानांसाठी जागा देणारी जोज डॉट कॉम नावाची एक छोटी सेवा होती. तिथे जागा घेतलेल्या एकाने स्पॅम पाठवला, म्हणून चालक जो डॉल यांनी त्याचं खातं बंद केलं. त्याने सूड म्हणून डॉल यांच्याच डोमेनच्या नावाने स्पॅमचा मोठा लोंढा सोडला. वैतागलेल्या लोकांनी राग काढला तो जोज डॉट कॉमवर, आणि ती साइट काही काळ बंद पडली. ज्याने काहीच पाठवलं नव्हतं, त्याच्या माथी सगळं आलं. पुढच्या काळात हेच बँकांच्या, कर खात्यांच्या आणि कुरिअर कंपन्यांच्या नावांनी होऊ लागलं, आणि तोटा फक्त नावाचा राहिला नाही. पेन्शनच्या पैशांवर जगणाऱ्या माणसाला बँकेच्या पत्त्यावरून मेल येतो, तो ते नाव पाहून विश्वास ठेवतो आणि खातं रिकामं होतं. नाव पाहून विश्वास ठेवणं ही त्या माणसाची चूक नाही. ते नाव कुणालाही लावता येत होतं, हा यंत्रणेचा दोष होता, आणि तो दुरुस्त करता येण्याजोगा होता.

सुरुवातीला स्पॅमविरुद्धचा सगळा भर मजकूर वाचून अंदाज बांधण्यावर होता. लॉटरी, औषधं, झटपट कर्ज असे शब्द दिसले की मेल बाजूला काढायचा. पण बँकेच्या मेलची हुबेहूब नक्कल केली, तर मजकुरात पकडण्यासारखं काही उरतच नाही. अशा वेळी मेल खरोखर कुणाकडून आला, एवढाच प्रश्न कामाचा असतो. आणि त्याचं उत्तर देण्यासाठी एक जागा आधीपासून तयार होती.

ती जागा म्हणजे डीएनएस. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेली ही व्यवस्था म्हणजे इंटरनेटची सार्वजनिक नोंदवही. अमुकबँक डॉट कॉम हे नाव कोणत्या यंत्राकडे नेतं, त्या नावाचा मेल कोणत्या सर्व्हरने स्वीकारायचा, हे तिथे लिहिलेलं असतं. नोंद वाचता सगळ्यांना येते, बदलता मात्र फक्त डोमेनच्या मालकाला येते. तेव्हा माझ्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कुणाला आहे, हेही मालकाने तिथेच लिहून ठेवावं, अशी कल्पना निघाली. पॉल विक्सी यांनी २००२ मध्ये तशी छोटी टिपणी लिहिली होती. जर्मनीतल्या हडमुट डानिश यांचा आणि गॉर्डन फेसिक यांचा असे दोन आराखडे आले. मेंग वेंग वाँग यांनी २००३ मध्ये त्यांतलं घेण्यासारखं घेऊन एकच सुटसुटीत रूप केलं. तेच एसपीएफ.

एसपीएफची नोंद एका ओळीची असते. सुरुवातीला आवृत्ती, मग ज्या यंत्रांना परवानगी आहे त्यांचे आयपी पत्ते किंवा ज्या सेवेमार्फत मेल जातो तिचा उल्लेख, आणि शेवटी ‘ऑल’ हा शब्द. ऑलच्या आधी उणे चिन्ह असेल तर अर्थ असा, की यादीबाहेरच्या कुणालाही माझी परवानगी नाही. उण्याऐवजी नागमोडी रेघ असेल तर, परवानगी बहुधा नाही, पण लगेच फेकू नका. मेल घेणारा सर्व्हर समोरच्या यंत्राचा आयपी पत्ता पाहतो, ही ओळ वाचतो आणि जुळणी करतो. आयपी पत्ता खोटा सांगून असं दोन्ही बाजूंचं संभाषण चालवणं फार अवघड असतं, म्हणून ही तपासणी कामाची ठरते.

इतकी सोपी गोष्ट सगळीकडे लगेच लागू व्हायला हवी होती. तिच्या वाट्याला भांडण आलं. जानेवारी २००४ मध्ये दाव्होसला बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असं सांगितलं होतं. मायक्रोसॉफ्टने कॉलर आयडी नावाची स्वतःची पद्धत आणली, मग ती आणि एसपीएफ एकत्र करून सेंडर आयडी असा प्रस्ताव पुढे आला. इंटरनेटची प्रमाणं ठरवणाऱ्या आयईटीएफने त्यासाठी मारिड नावाचा कार्यगट नेमला. पण सेंडर आयडीतल्या काही भागावर मायक्रोसॉफ्टचे पेटंटचे दावे होते आणि परवान्याच्या अटी मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला मान्य होईनात. त्या जगातल्या अपाची आणि डेबियन या मोठ्या प्रकल्पांनी जाहीर नकार दिला. सप्टेंबर २००४ मध्ये कार्यगटच बंद झाला. एप्रिल २००६ मध्ये दोन्ही पद्धती प्रायोगिक म्हणून शेजारी शेजारी छापल्या गेल्या. एसपीएफला प्रमाणाच्या वाटेवरचा पक्का दर्जा मिळायला एप्रिल २०१४ उजाडलं. ज्या वर्षांत फिशिंग, म्हणजे खोट्या नावाच्या मेलने फसवणं, हा एक संघटित धंदा होत होता, ती वर्षं परवान्याच्या कलमांत गेली, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

एसपीएफमध्ये एक अंगभूत उणीवही होती आणि ती समजली तरच पुढचं सगळं समजतं. ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता दोन ठिकाणी असतो. टपालातल्या पत्राला जसा बाहेर लिफाफा असतो आणि आत लेटरहेड, तसंच इथे आहे. सुरुवातीच्या संभाषणात यंत्र जे नाव सांगतं ते लिफाफ्यावरचं. मेल पोचला नाही तर तो परत कुठे धाडायचा, यासाठी ते वापरलं जातं. आपल्याला पडद्यावर ‘फ्रॉम’पुढे दिसतं ते आतलं, मजकुराबरोबर आलेलं. दोन्ही एकच असावीत असा नियम नाही आणि तो करताही येत नव्हता, कारण वर्तमानपत्राचं बातमीपत्र दुसऱ्याच एखाद्या सेवेमार्फत जातं तेव्हा लिफाफ्यावर त्या सेवेचं नाव असणं अगदी रास्त असतं. एसपीएफ तपासतं ते लिफाफ्यावरचं नाव. म्हणजे भामट्याने लिफाफ्यावर स्वतःचं, रीतसर विकत घेतलेलं डोमेन लिहिलं, त्याची एसपीएफ नोंद चोख ठेवली आणि आत ‘फ्रॉम’मध्ये तुमच्या बँकेचं नाव टाकलं, तर एसपीएफची परीक्षा तो आरामात पास होतो. वाचणाऱ्याला लिफाफा कधी दिसतच नाही.

दुसरी अडचण पुढे धाडलेल्या मेलची. विद्यापीठाच्या जुन्या पत्त्यावर आलेला मेल आपोआप जीमेलकडे जावा अशी सोय अनेकांनी केलेली असते. आता जीमेलच्या दारात उभं असतं विद्यापीठाचं यंत्र, आणि ते मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत नसतं. खरा मेल खोटा ठरतो.

यावर उत्तर वेगळ्या वाटेने आलं. मेल कोणत्या यंत्राकडून आला हे पाहण्याऐवजी मेलवरच सही करायची. याहूमध्ये मार्क डिलेनी यांनी डोमेनकीज ही पद्धत २००४ मध्ये आणली, सिस्कोमध्येही तशीच एक पद्धत तयार होत होती. या दोन कंपन्यांनी, सुदैवाने, भांडण न करता दोन्ही एकत्र केल्या आणि मे २००७ मध्ये डीकिम हे प्रमाण तयार झालं. पाठवणारा सर्व्हर मजकुराचा आणि फ्रॉम, विषय, तारीख अशा निवडक हेडरांचा गणिती सारांश काढतो. त्याला हॅश म्हणतात. मजकुरात एक काना बदलला तरी हॅश बदलतो. या सारांशावर सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो आणि ती मेलला जोडतो. त्या किल्लीची जोडीदार सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. घेणारा ती आणतो आणि सही पडताळून पाहतो. मेल वाटेत चार यंत्रांतून गेला तरी, मजकूर तसाच असेल तर, सही टिकते.

किल्ली मात्र पुरेशी लांब हवी. याबद्दलची एक खरी हकीकत सांगितलीच पाहिजे. झॅकरी हॅरिस हे फ्लोरिडातले गणितज्ञ. डिसेंबर २०११ मध्ये त्यांना गूगलकडून नोकरीबद्दल विचारणा करणारा मेल आला. तो खरा आहे का, हे तपासताना त्यांना दिसलं की गूगलची डीकिमची किल्ली फक्त ५१२ बिटांची आहे. प्रमाणातली शिफारस किमान १०२४ बिटांची होती. ही गूगलने मुद्दाम घेतलेली परीक्षा असावी असं त्यांना वाटलं. भाड्याची क्लाउड यंत्रं वापरून त्यांनी ती किल्ली फोडली. असं काम ७२ तासांत आणि ७५ डॉलरांत होतं, असं त्यांनी नंतर ‘वायर्ड’ मासिकाला सांगितलं. मग त्यांनी गूगलचे एक संस्थापक सर्गेई ब्रिन यांच्या नावाने दुसरे संस्थापक लॅरी पेज यांना मेल पाठवला. उत्तर आलं नाही, पण दोन दिवसांत गूगलची किल्ली २०४८ बिटांची झाली. परीक्षा वगैरे काही नव्हती, ती खरीच कच्ची राहिली होती. नंतर शोध घेतल्यावर तशाच आखूड किल्ल्या आणखी अनेक मोठ्या कंपन्यांकडे निघाल्या. एकदा बसवलेली किल्ली कुणी पुन्हा पाहिलीच नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये १०२४ पेक्षा आखूड किल्लीची सही मानूच नये असा नियम झाला. आज नवीन बसवताना २०४८ चीच घ्यावी.

तरीही मूळ प्रश्न पुरता सुटला नव्हता. डीकिमची सही सांगते की या डोमेनने या मेलची जबाबदारी घेतली आहे. पण सही करणारं डोमेन आणि ‘फ्रॉम’मध्ये दिसणारं डोमेन एकच असलं पाहिजे, असं तीही म्हणत नाही. शिवाय सही नसेल तर काय करायचं? घेणाऱ्याला कसं कळावं, की ही बँक प्रत्येक मेलवर सही करते आणि म्हणून बिनसहीचा मेल खोटाच असणार?

याचा सर्वांत जास्त त्रास होत होता पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेला, कारण तिच्या नावाने येणारा खोटा मेल थेट पैशांपर्यंत पोचायचा. तिने २००७ मध्ये याहूशी आणि २००८ मध्ये जीमेलशी परस्पर ठरवलं: आमच्या नावाचा मेल आला आणि त्यावर आमची सही नसेल, तर तो इनबॉक्समध्ये तर नाहीच, स्पॅमच्या फोल्डरमध्येही ठेवू नका, दारातूनच परत पाठवा. हा तोडगा चालला. पण प्रत्येक बँकेने प्रत्येक मेलसेवेशी असा करार करणं अशक्य होतं. म्हणून तीच गोष्ट सगळ्यांसाठी डीएनएसमध्ये लिहिण्याची पद्धत आखली गेली. पेपाल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, एओएल, फेसबुक, बँक ऑफ अमेरिका वगैरेंनी ती ३० जानेवारी २०१२ रोजी जाहीर केली. तिचं नाव डीमार्क.

डीमार्क पाहतं ते आपल्याला दिसणारं ‘फ्रॉम’, आणि तिथेच त्याची सगळी ताकद आहे. एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी किमान एक पास झालं पाहिजे, आणि जे पास झालं त्यातलं डोमेन ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळलं पाहिजे. लिफाफ्यावर एक आणि आत दुसरं, ही चलाखी इथे संपते. दोन्ही नापास झाले तर काय करायचं, हे मालक नोंदीत ‘पी’ या अक्षरापुढे लिहितो. ‘नन’ म्हणजे काही करू नका. ‘क्वारंटाइन’ म्हणजे संशयित म्हणून बाजूला ठेवा. ‘रिजेक्ट’ म्हणजे घेऊच नका. आणि तिसरी, माझ्या मते फार मोलाची सोय म्हणजे अहवाल. मालक एक पत्ता देतो आणि जगभरच्या मेलसेवा त्यावर साधारण रोज अहवाल पाठवतात, की तुमच्या नावाने या या आयपी पत्त्यांवरून इतके मेल आले, त्यांतले इतके पास, इतके नापास. आपल्या नावाने कोण काय पाठवतं हे ईमेलच्या इतिहासात पहिल्यांदाच मालकाला दिसू लागलं.

हे हत्यार धारदार आहे, हे एप्रिल २०१४ मध्ये कळलं. याहूच्या ग्राहकांच्या पत्त्यांच्या याद्या चोरीला गेल्या होत्या आणि ओळखीच्या याहू पत्त्यांवरून आल्यासारखा स्पॅम पसरत होता. याहूने आपल्या मुख्य डोमेनवर एकदम ‘रिजेक्ट’ लावलं, आणि त्याच महिन्यात एओएलनेही. स्पॅमला आळा बसला, पण एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या सभासदांना पोचतं अशा मेलिंग लिस्टा कोलमडल्या. एखाद्या लिस्टवर याहूवाल्या सभासदाने लिहिलं की लिस्टचा सर्व्हर विषयाला कंसातलं नाव आणि खाली तळटीप जोडतो. त्यामुळे डीकिमची सही मोडते. पाठवणारं यंत्र लिस्टचं, म्हणून एसपीएफही जुळत नाही. परिणामी तो खरा मेल जीमेलने आणि इतरांनी परत केला, आणि मेल परत येतात म्हणून लिस्टने जीमेलवाल्या निरपराध सभासदांची नावंच कमी केली. शेवटी अनेक लिस्टांनी ‘फ्रॉम’मध्ये स्वतःचाच पत्ता घालायला सुरुवात केली. वाटेतल्या सर्व्हरने, माझ्याकडे आला तेव्हा हा मेल पास होता, अशी साक्ष द्यायची आर्क ही पद्धत २०१९ मध्ये आली. याहूने पूर्वसूचना न देता हे करायला नको होतं असं माझं मत आहे. पण एवढी मोठी मेलसेवा हे करू शकते, हे त्यामुळेच जगाला दिसलं.

सरकारांनीही हालचाल केली. ब्रिटनचं कर खातं परताव्याच्या खोट्या मेलांनी बेजार झालं होतं. डीमार्क लावल्यावर २०१६ या एका वर्षात असे ३० कोटी मेल कमी झाले, असं त्या खात्याने जाहीर केलं. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्रीय नागरी खात्यांना आदेश दिला, की वर्षभरात प्रत्येक डोमेनवर ‘रिजेक्ट’ असलंच पाहिजे.

बाकीचं जग मात्र ‘नन’वर अडकलं, आणि या विषयातलं खरं दुखणं तेच आहे. तपासनीस विचारतो, डीमार्क आहे का? संस्था म्हणते, आहे. नोंद असते, पण ती म्हणते काही करू नका, आणि अहवाल ज्या पत्त्यावर येतात तो पत्ता कुणी उघडत नाही. अशा नोंदीने एकही खोटा मेल अडत नाही. याचं कारण केवळ आळस नाही. एखाद्या मध्यम आकाराच्या संस्थेच्या नावाने किती ठिकाणांहून मेल जातो, हे त्या संस्थेलाच ठाऊक नसतं. कार्यालयाचा मेल एकीकडून, पगारपत्रकं दुसऱ्या सेवेकडून, ओटीपी आणि पावत्या तिसरीकडून, भरतीच्या अर्जांची उत्तरं चौथीकडून, आणि कोपऱ्यातला जुना स्कॅनरही मेल करतो. सरळ ‘रिजेक्ट’ लावलं तर उद्या पगारपत्रकं पोचणार नाहीत, ही भीती खरी असते. शिवाय एसपीएफच्या नोंदीत डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारायला लागेल अशी रचना चालत नाही. एकेक सेवा जोडत गेलं की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि पूर्ण नोंदच बाद ठरते. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी ठेवल्या तरी तेच होतं, आणि ही चूक फार ठिकाणी सापडते.

म्हणून योग्य क्रम असा, की ‘नन’ने सुरुवात करायची, पण ती तारीख ठरवून. काही आठवडे अहवाल वाचायचे. ते एक्सएमएलमध्ये येतात, नुसत्या डोळ्यांनी वाचणं त्रासाचं, पण तक्ता करून देणारी साधनं मिळतात. त्यातून आपल्याच विसरलेल्या सेवा बाहेर येतात. प्रत्येकीला आपल्या डोमेनची डीकिम सही द्यायची, कारण मेल पुढे धाडला गेला तरी टिकते ती सहीच. अहवालात खरे मेल सगळे पास दिसू लागले की ‘क्वारंटाइन’, आणि तिथेही काही तुटलं नाही की ‘रिजेक्ट’. ज्या डोमेनवरून मेल जातच नाही, फक्त साइट आहे किंवा नाव नुसतं विकत घेऊन ठेवलं आहे, त्याच्यासाठी यातलं काहीच थांबायला नको. एसपीएफमध्ये फक्त ‘उणे ऑल’ आणि डीमार्कमध्ये ‘रिजेक्ट’ आजच लिहून टाकता येतं. भामट्यांना अशी बेवारस डोमेनं फार सोयीची पडतात.

संस्थांना ‘नन’पर्यंत तरी ओढून आणलं ते मोठ्या मेलसेवांनी. गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलं, की मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांकडे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही हवेत. गूगलची रेषा होती जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० मेल. जाहिरातीच्या मेलमधून एका क्लिकने बाहेर पडता आलं पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहिल्या पाहिजेत, या अटीही त्यातच होत्या. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये आउटलुकसाठी असाच नियम आणला. २०२४ मध्ये ओळख न पटवणारे मेल ६५ टक्क्यांनी, म्हणजे २६,५०० कोटींनी कमी झाले, असं गूगलने सांगितलं. वीस वर्षं विनंत्या करून जे झालं नव्हतं ते, नाहीतर मेल पोचणार नाही, या एका वाक्याने झालं.

यामुळे स्पॅम बंद होतो का? नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. स्पॅम पाठवणाऱ्यांनीही आपल्या डोमेनांवर एसपीएफ अगदी सुरुवातीलाच लावून घेतलं. ही तपासणी सांगते की नाव खरं आहे. त्या नावाचा माणूस सज्जन आहे असं ती सांगत नाही. फायदा होतो तो वेगळ्या वाटेने. नाव खोटं पाडता येत नसेल तर पत नावाला चिकटते. वाईट मेल पाठवणारं डोमेन ओळखू येतं आणि त्याचे पुढचे मेल अडतात. चांगल्या डोमेनला दुसऱ्याच्या पापाची शिक्षा होत नाही. पण बँकेच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेलं डोमेन, रोमन ‘ए’च्या जागी तसंच दिसणारं रशियन अक्षर, किंवा पत्ता भलताच आणि दर्शनी नाव तेवढं बँकेचं, यांतलं काहीही डीमार्क अडवू शकत नाही. आणि चोरलेल्या पासवर्डने खऱ्याच खात्यातून पाठवलेला मेल तिन्ही परीक्षा पास होतो.

सारख्या दिसणाऱ्या डोमेनांवर भारतात निघालेला एक उपाय मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी बँक डॉट इन हे राखीव डोमेन जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये परिपत्रक काढून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी तिकडे जावं असं सांगितलं. नावं देण्याचा अधिकार फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे, त्यामुळे भामट्याला त्या छत्राखाली नाव मिळत नाही. ग्राहकाला शेवटचे दोन शब्द पाहता आले की पुरे. पण तंतोतंत तेच नाव ‘फ्रॉम’मध्ये टाकणाऱ्याला अडवायचं काम पुन्हा डीमार्कचंच, आणि तेही ‘रिजेक्ट’ असेल तरच. एक उपाय दुसऱ्याशिवाय अर्धा आहे. नागरी सहकारी बँकांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या सायबर सुरक्षेच्या चौकटीतही बँकेचं स्वतःचं मेल डोमेन आणि त्यावर डीमार्क यांचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात अशा बँका देशात सर्वाधिक आहेत, आणि त्यांच्या ठेवीदारांत नाव पाहून विश्वास ठेवणारी वयस्क माणसं पुष्कळ आहेत.

आपल्याला आलेला मेल तपासायचा असेल तर संगणकावर जीमेलमध्ये उजवीकडच्या तीन टिंबांखाली ‘शो ओरिजिनल’ असा पर्याय असतो. तिथे सगळ्यात वर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्कचे निकाल तीन ओळींत लिहिलेले दिसतात. आणि बँकेने काय नोंद ठेवली आहे हे तर बँकेला न विचारताही कळतं, कारण डीएनएस सगळ्यांना वाचता येतो. डीमार्क तपासून देणाऱ्या साइटवर डोमेनचं नाव टाकलं की ती ओळ समोर येते. सहकारी बँकेचे सभासद असाल तर ‘पी’पुढे काय लिहिलं आहे ते पाहून ठेवा. ‘नन’ असेल, तर ते किती दिवसांपासून आहे, अहवाल कोण वाचतं आणि ‘रिजेक्ट’ची तारीख कोणती, हे तीन प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.